एक्सलचा जॉइंट झिजला आहे, हे कसे ओळखावे

‘गाडी वळवली की पुढच्या चाकातून कट-कट आवाज येतो,’ एवढे ऐकले की बरेच मेकॅनिक गाडीखाली न वाकताच निकाल देतात: एक्सल गेला. पुष्कळदा ते बरोबरही असते. पण कधी आवाज लिंक रॉडचा निघतो, कधी बेअरिंगचा, आणि नवा एक्सल घातल्यावरही तो तसाच राहतो. पैसे मात्र मालकाचे गेलेले असतात. याच्या उलट, महिनोन्‌महिने आवाजाकडे काणाडोळा केल्यामुळे घाटाच्या मध्यावर गाडी अडकून बसते, हेही घडते. दोन्ही टाळता येते. हा जॉइंट झिजताना ठरावीक खुणा देतो आणि त्या ठरावीक परिस्थितीतच दिसतात. ‘आवाज येतो’ एवढ्यावर न थांबता ‘आवाज केव्हा येतो आणि केव्हा थांबतो’ हे पाहिले, तर गाडीच्या मालकालाही निदानाच्या बरेच जवळ पोचता येते.

हा जॉइंट असतो कुठे

स्विफ्ट, वॅगन आर, आय टेन, टियागो, नेक्सॉन अशा गाड्या पुढच्या चाकांच्या जोरावर चालतात. गिअरबॉक्सच्या दोन्ही अंगांनी एकेक पोलादी दांडा निघतो आणि चाकाच्या हबमध्ये जाऊन बसतो. गॅरेजमध्ये त्याला एक्सल किंवा ड्राइव्ह शाफ्ट म्हणतात. प्रत्येक शाफ्टला दोन सांधे असतात, एक चाकाकडे आणि एक गिअरबॉक्सकडे. म्हणजे गाडीत एकूण चार. यांनाच सीव्ही जॉइंट म्हणतात.

चाकाकडच्या जॉइंटला इंजिनाची ताकद पोचवता पोचवता चाकाबरोबर वळावेही लागते. तो ४५ अंशांच्या आसपास वाकू शकतो. गिअरबॉक्सकडचा जॉइंट त्याच्या निम्म्याच्या आसपास वाकतो, पण त्याच्याकडे दुसरे काम आहे. चाक खड्ड्यात गेले किंवा उंचवट्यावर चढले की चाक आणि गिअरबॉक्स यांच्यातले अंतर बदलते. तेवढे अंतर भरून काढण्यासाठी हा जॉइंट आत-बाहेर सरकतो. दोघांची कामे वेगळी, म्हणून झिजल्याच्या खुणाही वेगळ्या. हा एक भेद मनात पक्का असला की अर्धे निदान तिथेच होते.

बोलेरो, ईको, इनोव्हा क्रिस्टा या गाड्यांत ताकद मागच्या चाकांना जाते आणि गाडीच्या पोटाखालून लांब प्रोपेलर शाफ्ट जातो. त्याच्या क्रॉसचे दुखणे निराळे आहे. ते इथे घेतलेले नाही.

साध्या क्रॉसने काम का भागत नाही

अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात आपल्याकडच्या मोटारी मागच्या चाकांवर चालत. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांना ताकद देण्याची रचना घरोघरी पोचली. त्याबरोबर हा जॉइंटही आला.

प्रोपेलर शाफ्टला वापरतात तो क्रॉस जॉइंट दणकट आणि स्वस्त असतो, मग तोच पुढच्या चाकाला का लावत नाहीत? कारण वाकलेल्या स्थितीत तो एकसारखा फिरत नाही. समजा एका बाजूचा शाफ्ट मिनिटाला १००० फेरे या स्थिर गतीने फिरतो आहे आणि क्रॉस ३० अंशांत वाकलेला आहे. मग दुसऱ्या बाजूची गती ८६६ ते ११५५ फेऱ्यांच्या दरम्यान हेलकावत राहते, आणि हे प्रत्येक फेऱ्यात दोनदा घडते. लांब शाफ्टला दोन क्रॉस योग्य कोनात बसवून हा फरक एकमेकांत जिरवता येतो. वळणाऱ्या चाकापाशी तशी सोय नाही. तिथे स्टिअरिंग हातात थरथरले असते.

यावरचा सर्वांत टिकाऊ तोडगा फोर्डमध्ये काम करणाऱ्या आल्फ्रेड रझेपा या अभियंत्याने १९२० च्या दशकात काढला. आतली एक वाटी, बाहेरची एक वाटी, दोन्हींवर समोरासमोर कोरलेल्या खाचा, त्या खाचांत पोलादी गोळ्या, बहुधा सहा, आणि गोळ्यांना जागेवर धरणारा एक पिंजरा. शाफ्ट कितीही वाकला तरी हा पिंजरा गोळ्यांना त्या कोनाच्या बरोबर मधल्या प्रतलात ठेवतो. त्यामुळे आत जेवढी गती, तेवढीच बाहेर. १९५९ च्या ब्रिटिश मिनीने हा जॉइंट लहान गाडीत आणून दाखवला आणि आज आपल्या बहुतेक लहान गाड्यांच्या चाकापाशी त्याचेच रूप आहे. गिअरबॉक्सच्या बाजूला बहुधा ट्रायपॉड असतो: तीन फाट्यांवर तीन रोलर, आणि ते मागेपुढे सरकतील अशा तीन खाचा.

या रचनेत मला सर्वांत मोलाची वाटते ती तिची अचूकता. गोळी आणि खाच यांच्यात नावापुरतीच फट असते. ती फट वाढली की दुखणे सुरू होते.

सुरुवात रबरापासून होते

हा जॉइंट सहसा आपणहून मरत नाही. स्वच्छ ग्रीसमध्ये राहिला तर तो लाख-दीड लाख किलोमीटर, पुष्कळदा त्याहूनही जास्त, तक्रार न करता चालतो. त्याला मारते ते बाहेरून आलेले पाणी आणि माती, आणि ती आत येते फाटलेल्या बुटातून.

जॉइंटवर बाजाच्या पेटीच्या भात्यासारखा घड्यांचा एक रबरी बूट असतो. दोन टोकांना क्लिप आणि आत काळे, दाट ग्रीस. चाक वळले की एका अंगाच्या घड्या मिटतात, दुसऱ्या अंगाच्या ताणल्या जातात, आणि शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात हेच होत राहते. वय, उष्णता आणि धूळ यांनी रबर कडक होते आणि घडीच्या खोबणीत बारीक भेगा पडतात. कधी रस्त्यावरची तार किंवा दोरी शाफ्टला गुंडाळून बूट कापते. कधी बूट शाबूत असतो आणि फक्त क्लिप सैल होऊन ग्रीस बाहेर येते. गाडी उंच दिसावी म्हणून स्प्रिंगमध्ये तुकडे घालण्याची एक हौस आहे. त्याने जॉइंट सरळ रस्त्यावरही जास्त वाकून फिरतो आणि जॉइंट व बूट दोन्हींचे आयुष्य घटते.

बूट फाटला की शाफ्टच्या फिरण्याने ग्रीस बाहेर भिरकावले जाते. आमच्याकडच्या पावसात, विशेषतः कोकणातल्या लाल चिखलात आणि घाटातल्या वाहत्या रस्त्यांवर, त्या फटीतून बारीक रेतीचे पाणी आत शिरते. उरलेल्या ग्रीसमध्ये रेती मिसळली की ते वंगण राहत नाही, घासणारा लगदा होतो. पावसाळ्याच्या आरंभी फाटलेला बूट दिवाळीपर्यंत जॉइंट खाऊन टाकू शकतो.

म्हणून पहिली खूण ऐकायची नसते, बघायची असते. रिमच्या आतल्या बाजूला, लोअर आर्मवर, ब्रेकच्या कॅलिपरजवळ किंवा मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकवर काळ्या चिकट ग्रीसचे शिंतोडे दिसले आणि ते एका गोल रेषेत फेकल्यासारखे असले, तर बूट फाटलाच समजा. आवाज अजून सुरू झालेला नसेल तर ही वेळ सोन्याची आहे. या टप्प्यावर फक्त बूट आणि ग्रीस बदलून जॉइंट वाचतो.

चाकाकडचा जॉइंट: वळणावरची कटकट

झीज झाल्यावर जो आवाज येतो तो ओळखायला सोपा आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून थोडी रेस दिली की कट-कट-कट असा, चाकाच्या गतीला बांधलेला आवाज. गाडी हळू तर आवाज सावकाश, गाडी जलद तर आवाज जलद. पार्किंगमधून निघताना, यू-टर्न घेताना, सोसायटीच्या फाटकातून वळताना तो पहिल्यांदा जाणवतो.

सरळ रस्त्यावर तो येत का नाही, याचेही कारण आहे. गाडी आयुष्यातला बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे गोळ्या खाचेच्या मधल्या पट्ट्यातच फिरतात आणि तिथेच खड्डा पडतो. सरळ चालताना गोळी त्या खड्ड्यात बसूनच असते. वळताना मात्र ती खाचेत पुढेमागे जाते, खड्ड्याची कड ओलांडते आणि त्या कडेवर आपटते. झीज पसरत गेली की मग थोड्या वळणावरही, आणि शेवटी सरळ चालतानाही आवाज येऊ लागतो. त्या अवस्थेला पोचलेला जॉइंट संपलेला असतो.

तपासण्यासाठी मोकळे मैदान किंवा रिकामे पार्किंग निवडावे. आसपास मुले, माणसे नसावीत. काचा खाली, एसी आणि रेडिओ बंद. स्टिअरिंग डावीकडे जवळजवळ पूर्ण वळवावे. अगदी टोकाला दाबून धरू नये, थोडे सैल सोडावे. पहिल्या गिअरमध्ये सावकाश गोल फिरावे आणि मधूनच थोडी रेस द्यावी. मग उजवीकडे. मग दोन्ही बाजूंना रिव्हर्समध्ये. काही झिजलेले जॉइंट पुढे जाताना गप्प राहतात आणि मागे जाताना बोलतात. जवळ भिंत असली तर आवाज परतून स्पष्ट ऐकू येतो. रेस देताच आवाज वाढला आणि क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू दिल्यावर कमी झाला, तर संशय दाट होतो.

कोणत्या बाजूचा जॉइंट? वळणात बाहेरच्या चाकावर गाडीचा भार येतो, त्यामुळे डावीकडे वळताना आवाज आला तर बहुधा उजवा, आणि उजवीकडे वळताना आला तर डावा, असा गॅरेजमधला ठोकताळा आहे. तो बऱ्याचदा खरा ठरतो, पण पुरावा म्हणून पुरेसा नाही. गाडीच्या पत्र्यातून आवाज इकडचा तिकडे पोचतो. फाटलेला बूट किंवा हाताने तपासलेला प्ले, म्हणजे सैलपणा, दिसेपर्यंत एकाही बाजूचा एक्सल खोलू देऊ नये.

गिअरबॉक्सकडचा जॉइंट: थरथर आणि धक्का

हा जॉइंट वळणावर कटकट करत नाही, म्हणून त्याचे निदान चुकते आणि मालक टायरवर, बॅलन्सिंगवर, अलाइनमेंटवर खर्च करत बसतो. याची खूण म्हणजे भाराखालची थरथर. गाडी चढावर आहे, तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिला, आणि सीटखाली, फ्लोअरमध्ये, कधी स्टिअरिंगमध्ये थरथर सुरू झाली. कधी पूर्ण पुढचा भाग आडवा डोलल्यासारखा वाटतो. पाय उचलला की थरथर जवळजवळ लगेच नाहीशी. पुन्हा रेस दिली की पुन्हा हजर. ट्रायपॉडच्या खाचांत खळगे पडले की रोलर सहज सरकत नाहीत, अडखळत सरकतात, आणि त्या अडखळण्याचा धक्का प्रत्येक फेऱ्यात गाडीला बसतो.

दुसरी खूण म्हणजे दणका. पहिल्या गिअरमधून रिव्हर्समध्ये टाकून क्लच सोडताना, ऑटोमॅटिकमध्ये ‘डी’मधून ‘आर’मध्ये नेताना, किंवा रहदारीत रेस देता-सोडताना खालून ‘ठक’ असा एकच आवाज येतो. पण इथे घाई नको. इंजिनाचे माउंटिंग बसले असले तरी अगदी असाच दणका येतो, आणि माउंटिंग बसणे आपल्या रस्त्यांवर अजिबात दुर्मिळ नाही. आधी माउंटिंग तपासावे, मग जॉइंटकडे वळावे.

ज्यांच्याशी गल्लत होते ते आवाज

व्हील बेअरिंग गेले की कटकट येत नाही, घुमणारा ‘हूं’ असा आवाज येतो. तो वेगाबरोबर चढतो, रेस सोडल्याने थांबत नाही, आणि हायवेवर लेन बदलताना गाडीचा भार एका बाजूला गेला की कमी-जास्त होतो. जॉइंटशी त्याची सर्वांत जास्त गल्लत होते, म्हणून रेस सोडून पाहण्याची परीक्षा आधी करावी.

चाकाचे बॅलन्सिंग बिघडले असेल तर थरथर एखाद्या ठरावीक वेगाला, बहुधा ८० ते १०० च्या आसपास येते, आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवर असला-नसला तरी राहते. लिंक रॉड किंवा स्टॅबिलायझरचे बुश खड्ड्यांतून, स्पीडब्रेकरवरून जाताना खडखडतात. गुळगुळीत रस्त्यावर गप्प. उभ्या गाडीत नुसते स्टिअरिंग फिरवताना ‘टण’ किंवा ‘कुर्र’ झाले तर शॉकअपच्या वरचे माउंटिंग किंवा बेअरिंग पाहावे. सीव्ही जॉइंट चाक फिरल्याशिवाय कटकट करत नाही. आणि टायरच्या नक्षीत अडकलेला खडाही टिक-टिक करतो. तो सरळ रस्त्यावरही करतो, आणि स्क्रू ड्रायव्हरने निघतो.

उभ्या गाडीची तपासणी

स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवले की त्या चाकामागे चाकाकडचा बूट दिसतो. टॉर्च मारून घड्यांच्या खोबणीत पाहावे, इंजिन बंद ठेवून बोटाने घड्या उघडाव्यात. वरून धड दिसणाऱ्या बुटाला आतल्या घडीत भेग असू शकते. गिअरबॉक्सकडचा बूट पाहायला रॅम्प किंवा गॅरेजचा खड्डा लागतो.

प्ले तपासायचा तर गाडी उचलून स्टँडवर टेकवलेली हवी, आणि मागच्या चाकांना दगड लावलेले हवेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात किंवा डोके घालू नये, जॅक घसरतात. एका हाताने चाक घट्ट धरून दुसऱ्या हाताने शाफ्ट पुढे-मागे पिळावा. चाकाकडच्या जॉइंटमध्ये टक-टक लागणारा प्ले जाणवला तर तो झिजलेला आहे. गिअरबॉक्सकडचा जॉइंट मात्र आत-बाहेर थोडा सरकतो, कारण तो सरकण्यासाठीच बनवला आहे. हे सरकणे दाखवून ‘बघा, किती सैल झालाय’ असे कोणी म्हणाले तर ते मानू नये. तिथेही बघायचा तो पिळतानाचा प्ले.

चाके उचलून, इंजिन चालू करून, गिअर टाकून चाके फिरवायची आणि खाली कान लावायचा, ही पद्धत घरी अजिबात करू नये. लटकलेल्या चाकात शाफ्टचे कोन नेहमीपेक्षा वेगळे होतात, त्यामुळे चांगला जॉइंटही आवाज करू शकतो, आणि फिरणाऱ्या शाफ्टजवळ कपडा अडकला तर हात जातो.

असेच किती दिवस चालवता येईल

याचे किलोमीटरमध्ये प्रामाणिक उत्तर नाही. बूट फाटला आहे पण आवाज नाही, तर त्याच आठवड्यात काम करून घ्यावे; पावसाळ्यात तर त्याच दिवशी. फक्त पूर्ण वळणावर कटकट येत असेल तर गावातल्या गावात गॅरेजपर्यंत गाडी नेता येते, पण लांबचा प्रवास आणि घाट टाळावा. सरळ चालतानाही आवाज येत असेल, किंवा जोराची थरथर असेल, तर हायवेवर जाऊ नये.

शेवटच्या अवस्थेत पिंजरा तुटतो, गोळ्या बाहेर पडतात आणि शाफ्ट सुटतो. मग इंजिन ओरडते, गिअर पडतो, पण गाडी हलत नाही. दुसरा शाफ्ट शाबूत असूनही हलत नाही, कारण डिफरन्शिअल सगळी गती तुटलेल्या मोकळ्या बाजूला सोडून देतो. सुटलेला शाफ्ट फिरता फिरता ब्रेकचा पाइप किंवा एबीएसची वायर तोडू शकतो.

यातला एक धोका फार कमी जणांना ठाऊक असतो. शाफ्ट तुटलेला असताना गाडी गिअरमध्ये ठेवली, किंवा ऑटोमॅटिकमध्ये ‘पी’वर ठेवली, तरी ती उतारावर थांबत नाही. गिअरचा अडथळा त्याच मोकळ्या बाजूने निसटून जातो. अशा वेळी हँडब्रेक पूर्ण ओढायचा आणि चाकांना दगड लावूनच खाली उतरायचे.

दुरुस्ती: बूट, जॉइंट की पूर्ण एक्सल

आवाज नसेल आणि जुने ग्रीस बोटांवर चोळल्यावर खरखर लागत नसेल, तर बूट किट पुरे. जॉइंट खोलून, धुऊन, पूर्ण वाळवून, किटमध्ये दिलेले ग्रीस सगळेच्या सगळे भरून, नव्या क्लिप लावाव्यात. हे ग्रीस मोलिब्डेनम डायसल्फाइड असलेले, काळे असते. गॅरेजच्या डब्यातले पिवळे साधे ग्रीस इथे चालत नाही. गोळ्यांवरचा दाब ते पेलत नाही. जॉइंट न काढता बाहेरून गुंडाळून चिकटवायचे बूटही मिळतात. ते तात्पुरत्या सोयीसाठी ठीक, त्यांच्यावर एक पावसाळा काढण्याचा विचार करू नये.

कटकट सुरू झाल्यावर नवा बूट आणि नवे ग्रीस घालून फायदा नाही. आवाज काही दिवस दबतो, खाचेतला खड्डा भरून येत नाही. तेव्हा चाकाकडचा जॉइंट बदलावा, आणि दोन्ही टोके झिजली असतील तर पूर्ण शाफ्ट. जुन्या बाजारात, कुर्ल्यासारख्या ठिकाणी, वापरलेले एक्सल स्वस्तात मिळतात. बूट मूळचा, शाबूत आणि आत प्ले नाही, असे असेल तरच घ्यावा. नवा चकचकीत बूट चढवलेल्या जुन्या एक्सलपासून मी तरी लांब राहायला सांगेन, कारण आतली झीज झाकायला तो पुरतो.

सुटा भाग मागवताना चेसिस नंबर द्यावा. एकाच मॉडेलमध्ये पेट्रोल-डिझेल, मॅन्युअल-ऑटोमॅटिक यांचे शाफ्ट वेगळे असू शकतात. दाते वेगळे, लांबी वेगळी, आणि काही गाड्यांत चाकाकडच्या जॉइंटवरच एबीएसची दातेरी रिंग असते. ती रिंग नसलेला जॉइंट बसला तर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा पेटून राहतो.

काम झाल्यावर तीन गोष्टी विचाराव्यात. एक्सल नट नवा घातला का आणि टॉर्क रेंचने कंपनीच्या आकड्याप्रमाणे आवळला का. कमी-जास्त आवळला तर व्हील बेअरिंग जाते. शाफ्ट ओढल्यावर गिअरबॉक्समधून जे ऑइल सांडले ते पुन्हा भरले का, आणि सील तपासले का. स्ट्रटचे बोल्ट उघडले असतील तर अलाइनमेंट केली का. काढलेला जुना भागही परत मागून घ्यावा. आतली वाटी हातात धरून खाचेवरून नख फिरवले की खड्डा लागतो. लागला नाही, तर एक्सल विनाकारण बदलला आहे.

विजेवरच्या गाड्यांचे काय

इंजिन गेले तरी हा जॉइंट गेला नाही. नेक्सॉन ईव्हीसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या विजेच्या गाडीतही मोटरपासून चाकापर्यंत असेच शाफ्ट असतात. मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून पूर्ण मिळतो, आणि पाय उचलल्यावर रीजनरेशनमुळे तोच शाफ्ट उलट्या बाजूने ताण घेतो. जॉइंटला दोन्ही दिशांचा भार सोसावा लागतो. ऑइल बदलायचे नाही म्हणून अशी गाडी वर्षानुवर्षे रॅम्पवर चढवली जात नसेल, तर बुटाची भेग कोणाच्या नजरेला पडणार? इंजिनाचा गोंगाट नसल्याने कटकट लवकर ऐकू येते, हे खरे. पण ती ऐकू येईपर्यंत बूट बदलण्याची वेळ टळलेली असते.

सर्व्हिसिंगच्या यादीत ‘सीव्ही बूट तपासणी’ छापलेले असते आणि त्यापुढे खूणही केलेली असते. त्या खुणेवर विसंबू नका. गाडी रॅम्पवर असताना स्वतः खाली जा, चारही बूट टॉर्चने बघा. जूनच्या आधी एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा.